सात रास्पबेरी पाय, एक ऑपरेटिंग सिस्टिम : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचा सात बोर्डांचा संच ज्यांनी घेतला आहे, आणि घ्यावा की नाही याचा जे विचार करत आहेत, अशा दोघांसाठी हे पत्रक आहे. संचात रास्पबेरी पाय ४ चे (४ जीबी) सात बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवर मावणारे सात छोटे संगणक, असतात. त्यांतला एक मुख्य, बाकीचे सहा कामकरी. फाइली आणि कमांडची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या तक्त्यातले स्पेलिंग वापरा.

घेण्याआधी

सात बोर्ड जोडले म्हणजे एक मोठा संगणक तयार होत नाही. प्रत्येकाची ४ जीबी मेमरी त्याच्यापुरतीच. ज्या एकाच प्रोग्रॅमला १० जीबी लागते, तो यातल्या कुठल्याही बोर्डवर चालणार नाही. बोर्डांमधला रस्ता गिगाबिट इथरनेटचा आहे, म्हणजे फार तर सेकंदाला सव्वाशे एमबीच्या आतबाहेर. गणिताचे तुकडे एकमेकांशी सतत बोलणारे असतील, तर बोर्ड काम करण्यापेक्षा वाट पाहण्यातच जास्त वेळ घालवतात. फक्त वेग हवा असेल तर एन१०० प्रोसेसरचा एक मिनी पीसी घ्या. तो स्वस्त पडेल, आणि हे आम्ही विक्रीच्या वेळीही सांगतो.

संचाचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, सुटी-सुटी छोटी कामे: सेन्सरचा डेटा गोळा करणे, फोटोंचे आकार बदलणे, चाचण्या चालवणे. दोन, शिकणे. चालू बोर्डची केबल उपटली की के३एस (बोर्डांना कामे वाटून देणारे सॉफ्टवेअर) त्याच्यावरचे काम दुसरीकडे कसे हलवते, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दाखवता येते. (लगेच हलत नाही. बोर्ड गेल्याची खात्री करून काम दुसऱ्याला द्यायला मूळ मांडणीत पाचेक मिनिटे जातात.)

ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी का

रास्पबेरी पाय ओएस चांगली आहे, एका बोर्डसाठी आम्हीही तीच सुचवतो. सहा बोर्डांवर सहा वेगळी कार्डे आली की दुखणी सुरू होतात. एकावर अपडेट होतो, दुसऱ्यावर राहून जातो. सगळ्यांचे लॉग कार्डवर लिहिले जात राहतात आणि लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते.

म्हणून आमची सिस्टिम बिल्डरूटवर (लिनक्सची हवी तेवढीच छोटी सिस्टिम बनवण्याचे साधन) बांधलेली आहे आणि कामकरी बोर्डवर ती साठवलेलीच नसते. बोर्ड सुरू झाला की मुख्य बोर्डकडून टीएफटीपीने (जाळ्यावरून फाइल घेण्याची साधी पद्धत) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि सुरुवातीची छोटी सिस्टिम घेतो, मग स्क्वॉशएफएस या दाबून लहान केलेल्या स्वरूपातली पूर्ण सिस्टिम मेमरीत उतरवतो. ती फक्त वाचता येते. तिच्यावर मेमरीतच लिहिता येणारा एक थर असतो. बोर्ड बंद केला की तो थर पुसला जातो.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. कामकरी बोर्डचा प्लग कधीही काढला तरी सिस्टिम बिघडत नाही. आणि कामकरी बोर्डच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल रीस्टार्टनंतर मिळणार नाही. ती परत आणण्याचा कोणताही मार्ग नाही. जपायचे ते सर्व ‘डेटा’ फोल्डरमध्ये ठेवा. तो मुख्य बोर्डच्या एसएसडीवर आहे आणि सहाही बोर्डांना एनएफएसने (जाळ्यावरून फोल्डर वाटून वापरण्याची पद्धत) दिसतो.

यात ‘एपीटी’ (सॉफ्टवेअर बसवण्याची नेहमीची कमांड) नाही. नवे सॉफ्टवेअर कंटेनरमधून, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइलींसह बांधलेल्या गाठोड्यातून, चालवायचे. कंटेनर एआरएम६४ साठी (पायच्या प्रोसेसरची जात) बनवलेला हवा. साध्या पीसीवर बनवलेली इमेज (कंटेनरची तयार प्रत) आणली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येतो. ते बिघाडाचे लक्षण नव्हे, इमेज दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची आहे एवढेच. कंटेनरच्या इमेज एनएफएसवर ठेवता येत नाहीत, कारण त्यांना लागणारी थरांची फाइल सिस्टिम तिथे नीट चालत नाही. त्यासाठी प्रत्येक कामकरी बोर्डला ३२ जीबीचे कार्ड दिले आहे. ते कार्ड खराब झाले तरी बोर्ड सुरू होतो, कार्ड नव्याने फॉरमॅट करतो आणि इमेज पुन्हा उतरवतो.

वीज

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

कामकरी बोर्डांना वीज नेटवर्कच्या केबलमधून, पीओई+ हॅटद्वारे (त्या केबलमधली वीज घेणारी, बोर्डवर बसणारी पाटी) मिळते. भर कामात एका बोर्डला हॅटमधला अपव्यय धरून साधारण ८ वॅट लागतात, म्हणजे सहांना ४८. यावरून ६५ वॅटचा स्विच (सगळ्या बोर्डांच्या केबली जोडायचा नेटवर्कचा डबा) पुरेल असे वाटते. पण काही स्विच प्रत्यक्ष वापर मोजत नाहीत, प्रत्येक पोर्टसाठी १५.४ वॅट राखून ठेवतात. ६५ वॅटमध्ये असे चारच पोर्ट बसतात आणि पाचवा बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो. स्वतःचा स्विच वापरणार असाल तर पीओईची एकूण क्षमता १२० वॅटच्या आसपास असलेला घ्या.

केबल तांब्याचीच हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पॅचकॉर्ड सर्रास मिळतात. त्यांचा रोध जास्त असतो, केबल तापते आणि शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडते.

मुख्य बोर्डला मात्र ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर आहे, कारण त्याला एसएसडीही पोसावी लागते. मोबाइलचा चार्जर आणि हाताला लागेल ती केबल वापरू नका. हिशेब सोपा आहे: जाता-येता मिळून ०.२ ओहम रोधाच्या केबलमधून ३ अँपिअर गेले की ०.६ व्होल्ट केबलमध्येच संपतात. ५ चे ४.४ उरतात, आणि बोर्ड ४.६३ च्या खाली गेला की कमी व्होल्टेजची नोंद करून वेग उतरवतो. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, म्हणून एनव्हीएमई एसएसडी लावायची असेल तर तिला वेगळी वीज देणारा हब घ्या.

यूपीएस मुख्य बोर्डला लावा, बाकीच्यांना नको. सगळा संच ६०० व्हीएच्या यूपीएसवर टाकला तर तो फार वेळ टिकणार नाही. एकटा मुख्य बोर्ड बराच वेळ चालेल. राऊटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस इथे उपयोगाचे नाहीत.

उष्णता

पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना वेग कमी करायला लागतो, ८५ ला आणखी. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असते, तेव्हा पंखा बंद पडला तर संच काही मिनिटांत मंदावतो. जळत नाही, पण काम रखडते. खोक्याला १२० मिमीचा एक पंखा आहे. त्याचा वारा बोर्डांच्या मधून आडवा जातो. ती बाजू भिंतीला लावू नका, आणि जाळीवरची धूळ दोन महिन्यांनी ब्रशने काढा. सगळ्यात आधी तापतात ते मधले बोर्ड.

पहिल्यांदा सुरू करताना

१. स्विचचा अपलिंक तुमच्या राऊटरला जोडा. राऊटरचा डीएचसीपी (प्रत्येक यंत्राला जाळ्यातला पत्ता देणारी सेवा) बंद करायची गरज नाही. मुख्य बोर्डवरचा डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने चालतो: पत्ते राऊटर वाटतो, बूटची माहिती आम्ही देतो. दोन पूर्ण डीएचसीपी सर्व्हर एकाच जाळ्यात ठेवले की कोणत्या बोर्डला कोण उत्तर देईल याचा नेम नाही.

२. आधी फक्त मुख्य बोर्ड सुरू करा. त्याच्यावर डीएस३२३१ घड्याळ बसवलेले आहे. कामकरी बोर्डांना स्वतःचे घड्याळ नाही, ते वेळ मुख्य बोर्डकडून घेतात. वेळ चुकली की ‘सर्टिफिकेट अजून वैध नाही’ असा संदेश येतो आणि के३एसमध्ये बोर्ड दाखल होत नाही.

३. मग स्विचची वीज चालू करा. स्वतःचा स्विच असेल तर बोर्डांच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (जाळ्यात केबलींचे वेटोळे होऊ न देणारी सोय) बंद करा किंवा ते पोर्ट ‘एज’ करा. नाहीतर केबल लागल्यावर पहिली ३० सेकंद पोर्ट काहीच पुढे पाठवत नाही.

४. मुख्य बोर्डवर ‘कुबेसीटीएल गेट नोड्स’ द्या. सात नावे आणि प्रत्येकासमोर ‘रेडी’ दिसले की झाले.

वीज जाऊन आली की सगळे एकदम सुरू होतात आणि मुख्य बोर्ड तयार नसला तरी कामकरी प्रयत्न सोडत नाहीत. त्यांचा बूट क्रम ०एक्सएफ२ आहे. तो उजवीकडून वाचायचा: २ म्हणजे नेटवर्क, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. या क्रमात कार्ड नसल्यामुळे दुसऱ्या सिस्टिमचे कार्ड घालून बोर्ड सुरू होणार नाही.

बोर्ड बदलायचा झाला तर नवा बोर्ड कारखान्यातून बहुधा कार्ड आणि यूएसबी याच क्रमाने येतो. त्यात लाल पट्टीचे दुरुस्ती कार्ड घाला आणि वीज द्या. हिरवा दिवा भराभर लुकलुकू लागला की क्रम लिहिला गेला. कार्ड काढा आणि बोर्ड जागेवर बसवा.

बदल आणि अपडेट

नवी आवृत्ती मुख्य बोर्डवर वेगळ्या फोल्डरमध्ये उतरते. ‘चालू’ नावाचा दुवा तिच्याकडे वळवायचा, एकच कामकरी बोर्ड रीस्टार्ट करायचा, दिवसभर पाहायचे, मगच बाकीचे. जमले नाही तर दुवा मागे वळवा. मुख्य बोर्डवर सिस्टिमच्या दोन प्रती आहेत. नवी प्रत आधी एकदाच चालवून पाहिली जाते, ती उभी राहिली नाही तर वॉचडॉग (बोर्ड अडकला आहे का ते पाहणारा टायमर) बोर्ड रीसेट करतो आणि जुनी प्रत सुरू होते.

कर्नलला सूचना देणाऱ्या ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये काही घालायचे असेल तर सगळा मजकूर एकाच ओळीत ठेवा. मध्ये एंटर पडला की पुढचे वाचलेच जात नाही. त्या न वाचलेल्या भागात मेमरी सीग्रुपची (प्रोग्रॅमच्या मेमरीवर मर्यादा घालण्याची) सूचना असेल तर के३एस सुरूच होत नाही. ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘जीपीयू_मेम’ १६ केलेत तर बूटलोडर ‘स्टार्ट४सीडी’ आणि ‘फिक्सअप४सीडी’ या दोन फाइली शोधतो. आमच्या फोल्डरमध्ये त्या आहेत, साफसफाईत उडवू नका.

आमच्या सिस्टिमची प्रत काढून आणखी बोर्डांवर टाकायला हरकत नाही, पण चालू बोर्डवरून नको, मूळ इमेजवरूनच. चालू बोर्डची प्रत काढली की मशीन आयडीही (बोर्डची ओळख सांगणारा क्रमांक) सोबत जातो. मग राऊटरला दोन्ही बोर्ड एकच वाटतात, दोघांना तोच आयपी मिळतो आणि आळीपाळीने एकेक गायब होतो.

दुसरा मुख्य बोर्ड लावू का, असे बरेच जण विचारतात. दोन असून फायदा नाही. संचाची नोंद ठेवणाऱ्या ईटीसीडीला मुख्य बोर्डांचे बहुमत लागते आणि दोनांतला एक गेला की उरलेल्या एकाचे बहुमत होत नाही. तीन लावा किंवा एकच ठेवा. एकटा मुख्य बोर्ड बंद पडला तरी कामकऱ्यांवर चालू असलेले कंटेनर चालत राहतात. नवे काम वाटले जात नाही आणि ‘डेटा’ फोल्डर अडकतो.

फोन करण्याआधी

ज्या बोर्डची तक्रार आहे त्यावर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ द्या. शून्य आले तर वीज आणि उष्णता दोन्ही ठीक. ०एक्स५०००० म्हणजे सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडले होते: केबल आणि स्विच पाहा. ०एक्स८०००० किंवा ०एक्सई०००० म्हणजे बोर्ड तापला होता: पंखा पाहा.

बोर्ड सुरूच होत नसेल तर हिरव्या दिव्याचे झपके मोजा. चार झपके म्हणजे ‘स्टार्ट’ फाइल सापडली नाही, सात म्हणजे कर्नल सापडला नाही. दोन्ही वेळा दोष सहसा मुख्य बोर्डवरच्या फोल्डरचा असतो, बोर्डचा नाही. एसएसडी मधूनच अडकत असेल तर तिच्या यूएसबी केसचे मॉडेल टिपून ठेवा. काही केसमधल्या चिपचे यूएएस या यूएसबीच्या वेगवान पद्धतीशी जमत नाही आणि ती चिप ओळखून ‘क्वर्क्स’ची नोंद घातली की अडकणे थांबते. ‘गेट_थ्रॉटल्ड’चा आकडा, झपक्यांची संख्या आणि ‘डेटा’ फोल्डरमधली त्या बोर्डच्या नावाची लॉग फाइल, एवढे हाताशी असू द्या.