नंबर दिसत नाही म्हणजे भामटाच?

ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्याला हमखास मिळणारा सल्ला: नंबर दिसत नसेल तर फोन उचलू नकोस, भामटा असणार. या नादात हॉस्पिटलचे फोन हुकतात. तिथली अनेक सरकारी हॉस्पिटलं नंबर मुद्दाम झाकतात. एक कारण तांत्रिक: वॉर्डातला फोन ज्या लाइनवरून बाहेर पडतो, तिच्यावर उलटा फोन केला तर कुणी उचलेलच असं नाही. दुसरं कारण जास्त वजनदार. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईने डॉक्टर गाठला, हे नवऱ्याला तिच्या मोबाइलवरच्या नंबरावरून कळता कामा नये.

भामट्यांना उलट नंबर दाखवायलाच आवडतो, तोही बँकेचा, बनावट! जाहिरातीचे फोन करणाऱ्यांना तर तिथे २०१६ पासून नंबर झाकायला कायद्यानेच बंदी आहे.

वॉर्डातून फोन गेला तरी मुख्य स्विचबोर्डचा नंबर उमटवता येतो. पण मग ‘मला कुणाचा फोन होता?’ विचारणारे ऑपरेटरचं डोकं खातात. त्यापेक्षा फोनआधी एसएमएस बरा. अर्थात तो वाचणारं दुसरं कुणी घरात नसेल तरच. भारतात तर खरा फोन ओळखता यावा म्हणून बँका-विमा कंपन्यांच्या सेवा-कॉलसाठी (जाहिरातीचे नव्हे, कामाचे फोन) १६० ने सुरू होणाऱ्या नंबरांची वेगळी मालिकाच काढली आहे.