वैद्यकीय इच्छापत्र

आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि आपली इच्छा सांगण्याची शुद्ध उरली नाही, तर कोणते उपचार नकोत हे सज्ञान व्यक्तीने आधीच लिहून ठेवलेला दस्तऐवज. व्यवहारातले नाव ‘लिव्हिंग विल’. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या; त्यांच्यामुळे ‘अशा वेळी उपचार थांबवावेत का’ हा प्रश्न घराघरांत पोचला. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी इच्छापत्राला मान्यता दिली. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे मात्र भारतात आजही गुन्हाच आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून त्याला अटींसह मुभा आहे.

याची खरी निकड मिरजेसारख्या ठिकाणी कळते. सांगली-साताऱ्याकडचे आणि सीमेपलीकडचे, कर्नाटकातले रुग्ण इथे येतात. अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर विचारतात, “नळी घालायची का?” थोरला मुलगा धाकट्याकडे बघतो, धाकटा चुलत्यांकडे. ‘नको’ म्हणणाऱ्याला भावकी जन्मभर बोल लावील, या धास्तीने उत्तर येते, “सगळं करा, डॉक्टर.” आठवड्याभराने पैसा आणि उमेद दोन्ही संपली की ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून रुग्णाला गावी नेले जाते, बहुधा वेदनाशमनाची सोय नसताना. वडिलांनी स्वतः लिहिलेला कागद हाती असेल, तर मुलांवरचे हे ओझे उतरते. उपचार थांबवले तरी वेदना कमी करणारी शुश्रूषा चालूच ठेवायची असते.

२०१८ च्या नियमांत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे, त्यामुळे फारसे कोणी या वाटेला गेले नाही. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावे त्यात घालावी लागतात. ऐन वेळी रुग्णालयाने नेमलेले डॉक्टरांचे मंडळ रुग्णाची तपासणी करते, मग दुसरे मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते.

सांगली परिसरातील जैन समाजात पूज्य मानली जाणारी सल्लेखना ही वेगळी गोष्ट आहे. ते धार्मिक व्रत आहे, आणि व्रती ते शुद्धीवर असताना क्रमाक्रमाने अन्नत्याग करून पाळतो. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते बेकायदा ठरवले. महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

इच्छापत्राची प्रत घरच्यांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे असावी. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. मन बदलल्यास ते लेखी कळवून केव्हाही रद्द करता येते.