३०० मेगाहर्ट्झच्या पुढचं 'पण': नॅनोव्हीएनएची पार्श्वभूमी

"हे ९०० मेगाहर्ट्झपर्यंत जातं," असं कुणी नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं खिशात मावणारं यंत्र, दाखवत म्हणालं, की शेजारचा हॅम (हौशी रेडिओवाला) "जातं, पण..." म्हणून सुरू होतोच. हा 'पण', म्हणजे ३०० मेगाहर्ट्झच्या पुढचं मोजमाप खरं मानायचं का हा वाद, २०१९ पासून चालू आहे आणि अँटेना मोजणाऱ्यांत अजून मिटलेला नाही. आता तर परवानाधारक हॅम नसलेली मंडळीही त्यात ओढली गेली आहेत, कारण लोराचे, म्हणजे कमी पॉवरवर दूरवर थोडीशी माहिती धाडणाऱ्या रेडिओचे, नोड बसवणाऱ्यांना आपल्याकडचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा मोजायचा असतो, आणि तो नेमका या वादाच्या हद्दीत येतो.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. अँटेनेचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा एकूण विरोध) दाखवणाऱ्या ज्या वर्तुळाकार आलेखावर आज सगळे बोटं फिरवतात, तो स्मिथ चार्ट १९३९ साली अमेरिकेत छापून आला. जपानमध्ये एकाने तसाच आलेख त्याआधी, १९३७ मध्ये मांडला होता. १९६७ च्या सुमारास १२.४ गिगाहर्ट्झपर्यंतचे नेटवर्क ॲनलायझर, म्हणजे नॅनोव्हीएनएचे थोरले पूर्वज, बाजारात आले. १९८४ नंतर कॅलिब्रेशनमधून कळलेल्या मोजमापाच्या चुकांची वजाबाकी यंत्र स्वतःच करू लागलं. हे सगळं प्रयोगशाळांच्या टेबलांवर घडत होतं. गच्चीवर तार बांधणाऱ्याला त्याची किंमतही परवडत नव्हती आणि वजनही.

गच्चीवरच्या माणसाचं काम वेगळ्या पद्धतीने चालायचं. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरला मागे पाय-नेटवर्क, म्हणजे अँटेनेशी जुळवून घेणारं सर्किट, असायचं. प्लेट करंटचा डिप (व्हॉल्व्हचा प्रवाह सर्वांत कमी होतो ती जागा) पाहायचा, लोडिंग थोडं वाढवायचं, पुन्हा डिप पाहायचा. अँटेना ५० ओहमची आहे की ९० ची, हे विचारायची वेळ फारशी येत नसे. ट्रान्झिस्टरचे सेट आल्यावर चित्र बदललं. हे सेट ५० ओहमवरच खूश असतात आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली नाही त्याचं माप; १ म्हणजे पूर्ण जुळली) २ च्या वर गेला की जीव वाचवायला पॉवर कमी करतात. तेव्हापासून एसडब्ल्यूआर हा एकच आकडा अँटेनेचं प्रगतिपुस्तक होऊन बसला.

त्या आकड्याने बऱ्याच जणांना फसवलं आहे. ३० मीटर आरजी-५८ ही पातळ केबल १४५ मेगाहर्ट्झला साधारण ६ डेसिबल खाते. वर अँटेना जोडलेलीच नसली तरी सिग्नल जाताना ६ आणि परत येताना ६ असा १२ डेसिबलने गळतो, आणि खालचा मीटर एसडब्ल्यूआर १.७ च्या आसपास दाखवतो. म्हणजे अँटेना नाही, तरी पास!

१९९० च्या दशकात हातात मावणारे ॲनलायझर आले. ते सेटची पॉवर न वापरता स्वतःच्या छोट्या ऑसिलेटरवर अँटेना मोजत, आणि पुढच्या पिढीने इम्पीडन्सचे आर (रोध) आणि एक्स (रिॲक्टन्स; अँटेना सुरात असली की शून्य) हे दोन आकडेही वेगळे दाखवले. मात्र त्यातल्या लोकप्रिय मॉडेलांना एक्सचं चिन्ह कळत नसे. हे किती अडचणीचं, ते ६६ फुटांच्या साध्या डायपोलवरच (मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना) पाहा. ७.१ मेगाहर्ट्झला मोजल्यावर आर ६० आणि एक्स ३० आला. एसडब्ल्यूआर १.८ च्या आसपास. आता हा एक्स वजा ३० असेल तर तार तोकडी आहे, अधिक ३० असेल तर लांब. एसडब्ल्यूआर दोन्हीकडे तोच. मग फ्रिक्वेन्सी थोडी वर-खाली करून आकडा वाढतो की घटतो ते पाहायचं आणि त्यावरून ठरवायचं. तेवढा धीर नसलेला माणूस पक्कड घेऊन तार कापून मोकळा व्हायचा, आणि तोकडी तार आणखी तोकडी करून बसायचा.

२०१६ साली जपानमधल्या एका हौशी रेडिओवाल्याने छोट्या किटच्या रूपात पहिला नॅनोव्हीएनए काढला, त्याचं महत्त्व या चिन्हात आहे. त्याची रचना आजही वाचताना मजा वाटते. सिग्नल तयार करायला एसआय ५३५१ ही डिजिटल सर्किटांना 'क्लॉक' पुरवणारी स्वस्त चिप. हीच चिप त्याच काळात हैदराबादहून निघालेल्या स्वस्त ट्रान्सीव्हर किटांतही होती. पुढे तीन मिक्सर (दोन सिग्नलांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक काढून देणारी सर्किटं): एक संदर्भासाठी, एक परत आलेल्या सिग्नलसाठी, एक पार गेलेल्या सिग्नलसाठी. मिक्सरला जोडीचा सिग्नल देणारा लोकल ऑसिलेटर मूळ सिग्नलपासून फक्त ५ किलोहर्ट्झ दूर ठेवलेला. त्यामुळे मिक्सरमधून निघतं ते कानाला ऐकू येईल असं ५ किलोहर्ट्झचं, आणि ते मोजायला गाणी वाजवण्यासाठी बनलेली स्टिरिओ ऑडिओ कोडेक (आवाजाचे आकडे करणारी) चिप पुरते. एका चॅनेलवर संदर्भ, दुसऱ्यावर मोजायचा सिग्नल. दोघांच्या तुलनेतून फेज (एक तरंग दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे ते) मिळते आणि फेज आली की एक्सचं चिन्ह आलं. वर छोटा टचस्क्रीन. सर्किट आणि फर्मवेअर दोन्ही खुली.

या रचनेची मर्यादा ३०० मेगाहर्ट्झ. खरं तर तीही ओढूनताणून, कारण चिपच्या डेटाशीटमध्ये २०० पर्यंतचाच शब्द दिलेला आहे.

आता वादाचं मूळ. खुली रचना घेऊन चीनमधल्या एकाने २०१९ च्या आसपास बोर्ड नव्याने आखला, बॅटरीची सोय नीट केली, आणि फर्मवेअरमध्ये फेरफार करून पल्ला ९०० मेगाहर्ट्झवर नेला. हार्डवेअरमध्ये नवा ऑसिलेटर आला नाही. एसआय ५३५१ चौकोनी तरंग देते आणि चौकोनी तरंगात विषम हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट, पाचपट अशा फ्रिक्वेन्सीचे तरंग, असतातच. त्यातलं तिसरं हार्मोनिक मोजायच्या सिग्नलसाठी घेतलं आणि लोकल ऑसिलेटरचं पाचवं.

८६६ मेगाहर्ट्झचं उदाहरण घ्या. चिप प्रत्यक्षात २८८.७ वर चालते. तिचं तिसरं हार्मोनिक ८६६. लोकल ऑसिलेटर १७३.२ च्या आसपास. त्याचं पाचवं हार्मोनिक ८६६ च्या ५ किलोहर्ट्झ शेजारी. मूळ २८८.७ आणि १७३.२ यांचा फरक ५ किलोहर्ट्झच्या जवळपासही नाही, म्हणून ऑडिओ चिपला ते ऐकूच येत नाहीत. तीन आणि पाच हीच जोडी का, याचं उत्तर इथे आहे. दोन्हीकडे तिसरंच घेतलं असतं तर मूळ तरंगही आपसात मिसळून अगदी जवळ, कोडेकला ऐकू येईल अशा अंतरावर आले असते. युक्ती म्हणून ही देखणी आहे, यात शंका नाही.

पण फुकट काहीच नाही. तिसरं हार्मोनिक मूळच्या एक तृतीयांश, पाचवं एक पंचमांश. दोन्हीकडची घट मिळून वीसेक डेसिबलच्या वर जाते. ३०० पर्यंत ७० डेसिबलची डायनॅमिक रेंज (मोजता येणाऱ्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण सिग्नलमधलं अंतर) सांगणारी माहितीपत्रकं ६०० च्या पुढे ४० वर आली, ती या हिशेबानेच. शिवाय ३०० ची वेस ओलांडताना आलेखात एक लहानशी पायरी दिसते, आणि मोजायच्या वस्तूत मूळ तरंग तिप्पट जोरात घुसतो तो वेगळाच.

विरोधकांचं म्हणणं असं, की हे ३०० चं यंत्र आहे, ९०० ही जाहिरात. समर्थक म्हणतात, पन्नासेक डॉलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीन हजारांत, आणखी काय हवं? माझ्या मते दोघे वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत होते. फिल्टरचा ६० डेसिबलचा स्टॉपबँड (तो अडवतो तो पट्टा) ४० डेसिबलच्या रेंजमध्ये मोजता येणार नाही, आणि ॲम्प्लिफायरला तिप्पट जोराचा नको असलेला तरंग खपणार नाही. इथे विरोधकांचं शंभर टक्के बरोबर. अँटेनेचं तसं नाही. ती निष्क्रिय वस्तू, तिचा रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती क्षीण आहे ते) २० डेसिबल मिळाला तरी आपण खूश असतो, आणि तेवढं पाहायला ४० ची रेंज पुरते. ९०० चा आकडा नसता तर ४३५ वर काम करणाऱ्या आपल्याकडच्या हॅमांनी हे यंत्र घेतलंच नसतं, आणि लोरावाल्यांना ते माहीतही झालं नसतं.

८६६ वर लोकांचं मोजमाप चुकतं ते बहुतेक वेळा हार्मोनिकमुळे नाही, अडॅप्टरमुळे. ओपन (मोकळं), शॉर्ट (जोडलेलं) आणि लोड (५० ओहमचं) ही तीन ठरावीक टोकं लावून केबलच्या टोकाला कॅलिब्रेशन केलं आणि नंतर अँटेना बसवायला मध्ये एक सेंटीमीटरचा एसएमए (छोटा स्क्रूचा कनेक्टर) अडॅप्टर घातला, की स्मिथ चार्टवरचा बिंदू सुमारे ३० अंश फिरतो. एक्सचं चिन्ह उलटायला तेवढं कधीकधी पुरतं. ७ मेगाहर्ट्झला त्याच अडॅप्टरने पाव अंशाचा फरक पडतो, म्हणून एचएफवाल्यांना (३ ते ३० मेगाहर्ट्झवर काम करणाऱ्यांना) अडॅप्टरकडे पाहायची सवयच लागलेली नसते. दुसरी चूक त्याहून साधी: कॅलिब्रेशन ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ अशा सबंध पट्ट्यावर करायचं. मूळ यंत्र एका फेरीत १०१ बिंदू मोजतं, म्हणजे दर ९ मेगाहर्ट्झला एक. चाळीस मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) आपला २०० किलोहर्ट्झचा सबंध बँड दोन बिंदूंच्या मधे गडप होतो. ८४० ते ८९० एवढाच पट्टा ठेवून पुन्हा कॅलिब्रेशन केलं, तर '८६८' असा शिक्का मारलेली अँटेना खरी कुठे बसते ते पाच मिनिटांत कळतं. बरेचदा ती भलतीकडेच बसलेली असते.

नंतरच्या घडामोडी वेगाने आल्या. खुल्या रचनेच्या नकला निघाल्या, काहींनी खर्च वाचवायला मिक्सरवरचं पत्र्याचं झाकण गाळलं, आणि एका चॅनेलचा सिग्नल दुसऱ्यात झिरपू लागला. खरेदीआधी मागचं झाकण उघडून फोटो मागायची पद्धत तेव्हा पडली. पुढच्या फर्मवेअरनी त्याच हार्डवेअरवर पाचवं आणि सातवं हार्मोनिक वापरून पल्ला १.५ गिगाहर्ट्झपर्यंत ताणला, आणि जुना वाद नव्या आकड्याने पुन्हा पेटला. २०२० मध्ये वेगळ्या गटाने पूर्ण नवी रचना काढली: ३ गिगाहर्ट्झपर्यंत, वरच्या पट्ट्यासाठी वेगळा सिंथेसायझर (सिग्नल तयार करणारी चिप), हार्मोनिकच्या युक्तीवर भिस्त नाही. तीही आधी खुली होती. निकृष्ट नकलांचा सुळसुळाट झाल्यावर त्या गटाने पुढच्या आवृत्त्यांचं हार्डवेअर बंद ठेवलं. त्यावर खुल्या रचनेच्या बाजूने बराच आरडाओरडा झाला. आरडाओरडा करणाऱ्यांतले कित्येक जण नकलीच वापरत होते, हेही खरं. २०१६ च्या यंत्राचं सर्किट मात्र अजूनही खुलंच आहे, आणि एचएफचा डायपोल बांधणाऱ्याला ३०० च्या आतलं ते जुनं यंत्रच पुरेसं आहे.