बारीक माणसाचा गाऊट

गाऊट, म्हणजे सांधा अचानक सुजून असह्य दुखण्याचा आजार, म्हटलं की डोळ्यांसमोर लठ्ठ माणूस उभा राहतो. ही समजूत शतकानुशतकांची आहे. युरोपात याला राजांचा आजार म्हणत; चरकसंहितेतही वातरक्ताचं, म्हणजे गाऊटशी मिळत्याजुळत्या आजाराचं, एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असं आहे. त्यामुळे अंगकाठी बारीक आणि फक्त पोट सुटलेल्या माणसाला गाऊट झाला की आधी त्याच्यावर विश्वासच बसत नाही. त्याचं दुखणं मात्र तितकंच जीवघेणं असतं. स्वतः गाऊटने पिडलेले इंग्रज डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी १६८३ मध्ये लिहून ठेवलं आहे की, झटका आला की पांघरुणाचा भार सोसवत नाही आणि खोलीत कोणी चाललं तरी त्याचा हादरा बसतो.

गाऊटमागच्या यूरिक ॲसिडचा, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या आणि लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पदार्थाचा, माग पुढे लागला. इंग्रज डॉक्टर अल्फ्रेड गॅरॉड यांनी १८४८ मध्ये ते रुग्णांच्या रक्तात वाढलेलं दाखवलं. नंतर त्यांनी साधीशीच चाचणी काढली: सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या द्रवात, ॲसिटिक ॲसिड घालून त्यात धागा सोडायचा आणि त्यावर स्फटिक धरतात का ते पाहायचं.

गाऊटचा चरबीशी असलेला संबंध लक्षात आला तो फ्रान्समधल्या मार्से शहरात. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठते हे महत्त्वाचं, असं डॉ. झाँ व्हाग १९४७ पासून सांगत होते. त्यांच्या १९५६ च्या लेखाच्या शीर्षकातच मधुमेहासोबत गाऊटचंही नाव आहे! माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच, आणि नेमकं तेच मागे पडलं. १९७२ मध्ये अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी उंची-वजनाच्या जुन्या गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. पुढे हाच आकडा सगळीकडे रूढ झाला, पण पोटात काय दडलंय ते त्यात दिसत नाही.

१९८१ मध्ये अमेरिकी संशोधक नील रुडरमन आणि सहकाऱ्यांनी वजनाने सामान्य पण चयापचयाने लठ्ठ, म्हणजे शरीरात लठ्ठ माणसासारखे बिघाड असलेल्या, माणसांकडे लक्ष वेधलं. मग सीटी स्कॅनमुळे कातडीखालची आणि आतड्यांभोवतीची चरबी वेगवेगळी मोजता येऊ लागली. आतड्यांभोवतीच्या चरबीतली मेदाम्लं यकृताकडे जाणाऱ्या शिरेवाटे थेट यकृतात उतरतात. त्यामुळे शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देईनासं होतं, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. जादा इन्सुलिनमुळे मूत्रपिंड यूरिक ॲसिड बाहेर टाकण्याऐवजी परत रक्तात ओढून घेतं. १०० मिलिलिटर रक्तात यूरिक ॲसिड सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहीलच असं नाही. सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक होऊ शकतात.

कोरियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये गाऊट असलेल्या आणि नसलेल्या पुरुषांची तुलना केली, तेव्हा वजन सामान्य असलेल्यांमध्येही पोटातल्या चरबीचा गाऊटशी संबंध दिसला. अर्थात अशा तुलनेतून आधी काय झालं, चरबी वाढली की गाऊट जडला, ते ठरत नाही.