कात्री कोणाच्या हातात: हॉलिवूडचे आणि हिंदीतले जुने दिग्दर्शक

जॉन फोर्ड आणि मेहबूब खान, ऑर्सन वेल्स आणि गुरुदत्त अशा जोड्या लावून शैलीची तुलना नेहमी होते. आमच्या मते आधी पाहायला हवं ते पैसा कोणाचा आणि संकलनाची कात्री कोणाच्या हातात, हे.

१९३० आणि ४० च्या दशकांत हॉलिवूडचा दिग्दर्शक बहुधा कंपनीचा पगारदार असे. पॅरामाउंट, एमजीएम, वॉर्नर, फॉक्स आणि आरकेओ या पाच कंपन्यांकडे स्टुडिओ, वितरण आणि चित्रपटगृहं, तिन्ही होती. संकलनात शेवटचा शब्द निर्मात्याचा. फोर्ड यांचा त्यावरचा तोडगा कसबी कारागिराचा होता: लागेल तेवढंच चित्रित करायचं. जादा शॉटच हाताशी नसले की संकलकाला प्रसंग दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने जोडता येत नाही. हिचकॉकही असंच तुकड्यातुकड्यांनी, आधी आखून चित्रित करत. वेल्स यांना पहिल्या चित्रपटात ('सिटिझन केन') कात्री मिळाली, दुसऱ्यात गमवावी लागली. ते ब्राझीलमध्ये असताना आरकेओने १९४२ चा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' सुमारे १३१ मिनिटांवरून ८८ वर आणला आणि शेवटही बदलला.

आपल्याकडे सुरुवात बरीचशी अशीच झाली. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज इथे नटापासून सुतारापर्यंत सगळे पगारावर. हॉलिवूडसारखी चित्रपटगृहांची देशव्यापी साखळी मात्र त्यांच्याकडे नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली. त्याच वेळी युद्धात कमावलेला नवा पैसा चित्रपटांत शिरला आणि नटांना चित्रपटागणिक मोठ्या रकमा मिळू लागल्या. पगाराची घडी विस्कटली. १९४२ मध्ये व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि परळला त्यांचं राजकमल उभं राहिलं. मेहबूब, राज कपूर, बिमल रॉय, गुरुदत्त यांनीही स्वतःच्या संस्था काढल्या. अमेरिकेत चित्रपटगृहं स्टुडिओंपासून वेगळी करण्याचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालाने खुला झाला. तोवर इथली स्टुडिओ पद्धत मोडकळीला आली होती.

कात्री हातात आली, तिच्याबरोबर कर्जही आलं. चित्रपट पुरा होण्याआधीच तो विभागवार वितरकांना विकायचा, हप्ते येतील तसं चित्रीकरण पुढे न्यायचं. हप्ता अडला की सेट नुसता पडून राही, नटांच्या तारखा हुकत.

गुरुदत्त प्रभातच्या शेवटच्या काळात पुण्यात तयार झाले. १९५९ चा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. यातलं भिंग चित्र आडवं निम्म्यावर दाबतं आणि प्रक्षेपणाच्या वेळी दुसरं भिंग ते उलगडतं. सुरुवातीच्या या भिंगांत चेहरा फार जवळ आला की गाल फुगल्यासारखे दिसत, शिवाय फोकसची खोली, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारं पुढचं-मागचं अंतर, हीही कमी. कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी ही रुंदी चित्रपटातला रिकामा स्टुडिओ दाखवण्यासाठी वापरली. 'वक्त ने किया' या गाण्यातला प्रकाशाचा झोत मोठ्या आरशांवरून आत आणलेल्या उन्हाचा आहे. इतकं धाडस तेव्हा पगारदार दिग्दर्शकाला कोणी करू दिलं असतं, असं वाटत नाही.

चित्रपट पडला. तोटा वाटून घ्यायला मागे पाच कंपन्यांसारखी तिजोरी नव्हती. दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांचं नाव पुन्हा पडद्यावर आलं नाही. त्यांच्याच संस्थेच्या १९६० च्या चित्रपटावर एम. सादिक यांचं नाव आहे, १९६२ च्या चित्रपटावर अब्रार अल्वी यांचं.