कारखाना हजार मैलांवर, पीसीबी ताटात

१९८०च्या दशकात कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात आईच्या दुधाची पाहणी चालू होती. पीसीबी नावाचं औद्योगिक रसायन दुधात किती उतरतं, हे बघायचं होतं. दक्षिणेकडच्या शहरी बायकांचे नमुने हाताशी होते. तुलनेसाठी प्रदूषणापासून लांब राहणाऱ्या बायकांचं दूध हवं होतं, आणि त्यासाठी प्रांताच्या उत्तर टोकाला असलेल्या नुनाविकसारखी दुसरी जागा नव्हती. हडसन उपसागराच्या काठाकाठाने इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांची छोटी छोटी गावं. दक्षिणेतून तिथवर रस्तासुद्धा जात नाही, मग कारखाना कुठला! एका सुईणीच्या मदतीने तिथले नमुने आले. एरिक देवाई या डॉक्टर संशोधकाच्या चमूला निकाल मिळाले तेव्हा पहिला संशय गेला तो यंत्रावर. स्वच्छ म्हणून मागवलेल्या दुधात दक्षिणेतल्या दुधाच्या सुमारे पाचपट पीसीबी होतं.

पीसीबी म्हणजे बायफेनिल या कार्बनी रेणूच्या सांगाड्यावर क्लोरिनचे अणू बसवून केलेली २०९ भावंडांची रसायनं. १९२९ पासून अमेरिकेत त्यांचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. सहजी पेट घेत नाही, आम्लाला दाद देत नाही, वीज वाहू देत नाही, वर्षानुवर्षं विघटन होत नाही. इंजिनिअरला आणखी काय हवं? ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, कपॅसिटरमध्ये, रंगात, कार्बनशिवाय प्रत उठवणाऱ्या कागदात ते गेलं. जगभरात तेरा लाख टनांच्या आसपास पीसीबी बनलं. विघटन न होण्याचा जो गुण म्हणून ते खपलं, तोच गुण ते कारखान्याबाहेर पडल्यावरही सुटला नाही.

ते बाहेर पडलंय हे उमगलं तेही योगायोगाने. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन डीडीटी हे कीटकनाशक शोधत होते आणि त्यांच्या आलेखात अनोळखी शिखरं उमटत होती. नवं कीटकनाशक असेल म्हणावं, तर संग्रहालयातल्या गरुडाच्या १९४०च्या दशकातल्या पिसांतही तीच शिखरं. म्हणजे डीडीटीचा सुळसुळाट होण्याआधीपासून हे काहीतरी निसर्गात हिंडत होतं. १९६६ मध्ये येन्सेन यांनी ते पीसीबी असल्याचं जाहीर केलं. माशांत, गरुडात, आणि स्वतःच्या बायकोच्या व तान्ह्या मुलीच्या केसांतही त्यांना ते सापडलं होतं.

पण नुनाविकला ते पोहोचलं कसं? उष्ण आणि समशीतोष्ण भागात पीसीबीचे रेणू हळूहळू हवेत उडतात, वाऱ्याबरोबर पुढे जातात, गारवा लागला की खाली बसतात, ऊन पडलं की पुन्हा उडतात. अशा उड्या मारत ते ध्रुवाकडे सरकतात. गार पाण्याच्या तांब्यावर हवेतली वाफ धरते, तसा आर्क्टिक प्रदेश ही रसायनं धरून ठेवतो. तिथे पोहोचल्यावर उडायला पुरेशी उष्णताच उरत नाही. सागरी प्रवाह आणखी भर घालतात.

समुद्राच्या पाण्यात प्रमाण नगण्यच असतं. पण पीसीबीला पाण्यापेक्षा चरबी प्यारी. ते प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत शिरतं. लहान मासे प्लवकं खातात, मोठे मासे लहान मासे खातात, सील आणि बेलुगा देवमासे मोठे मासे खातात, आणि प्रत्येक पायरीवर चरबीतलं प्रमाण चढत जातं. थंडीपासून बचावासाठी आर्क्टिकच्या प्राण्यांच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो, म्हणजे साठवायला कोठारही तयारच. या साखळीच्या टोकाला माणूस बसतो. किंवा खरं तर माणूसही टोकाला नाही, त्याचं दूध पिणारं मूल टोकाला आहे.

इथे थोडं गणित करू. पीसीबीच्या काही चिवट प्रकारांचं मानवी शरीरातलं अर्धायुष्य दहा वर्षांच्या आसपास असतं. म्हणजे आज शरीरात असलेला साठा निम्म्यावर यायला दहा वर्षं. रोज अगदी सूक्ष्म, पण सारखीच मात्रा पोटात जात राहिली, तर साठा वाढत वाढत शेवटी सुमारे चौदा वर्षांच्या खुराकाइतका होतो आणि तिथे स्थिरावतो. त्यामुळे एका जेवणातलं प्रमाण मोजून ‘धोका नाही’ म्हणणं मला नेहमीच अर्धवट वाटतं. हा साठा लवकर उपसला जाण्याची मोठी वाट एकच, स्तनपान. पहिल्या बाळाच्या वाट्याला सहसा सर्वाधिक येतं.

परिणाम काय? एका घासाने कुणी आजारी पडत नाही, म्हणून उत्तर शोधायला मुलं मोठी होईपर्यंत थांबावं लागतं. अमेरिकेत मिशिगन सरोवरातले मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांचा असाच पाठपुरावा झाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गर्भात असताना सर्वाधिक पीसीबी मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यंक अकराव्या वर्षी सरासरी ६.२ गुणांनी कमी भरला. गंमत म्हणजे दुधातून जास्त पीसीबी मिळूनही नुकसान मुख्यतः गर्भावस्थेतल्या मात्रेशी जोडलेलं निघालं.

मग इनुइटांनी देवमासा खाणं सोडावं का? शहरात बसून असा सल्ला देणं सोपं आहे. बेलुगाची कातडी आणि तिच्याखालची चरबी, म्हणजे मकटुक, यातून त्यांना ओमेगा-३, सेलेनियम आणि चक्क क जीवनसत्त्वही मिळतं, जिथे लिंबू उगवत नाही तिथे. पर्याय म्हणजे विमानाने आलेला महागडा मैदा, साखर, थंड पेयं, आणि त्यांच्या मागोमाग येणारा मधुमेह. शिवाय शिकार वाटून खाणं हा तिथल्या नात्यागोत्याचा कणा. दुधाबाबतही आरोग्य यंत्रणेने स्तनपान चालू ठेवा असंच सांगितलं.

इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिये यांनी उत्तर दुसरीकडे मागितलं. १९९९ मध्ये नैरोबीत चिवट रसायनांवरील कराराच्या वाटाघाटी चालू असताना त्यांनी आई आणि बाळाची एक इनुइट मूर्ती संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख क्लाउस ट्योफर यांच्या हाती दिली. पुढच्या बैठकांत ती अध्यक्षांच्या टेबलावर असायची. २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, २००४ मध्ये लागू झाला. भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. सुरुवातीच्या बारा रसायनांत पीसीबी होतं. काही देशांनी आधीच घातलेली बंदी आणि हा करार, दोन्हींचा परिणाम दिसतो. नुनाविकमधल्या गरोदर बायकांच्या रक्तातलं पीसीबी १९९२ नंतर निम्म्याहून बरंच खाली आलं. त्यांनी मकटुक सोडलं नव्हतं.

आता त्याच रक्तात पीएफएएस गटाची काही रसायनं सापडतात, आणि ती कॅनडातल्या इतर बायकांपेक्षा जास्त. न चिकटणाऱ्या तव्यांत, डाग न धरणाऱ्या कापडांत, आगीवरच्या फेसात हा गट वापरला जातो. ही रसायनं चरबीऐवजी रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना धरतात, बाकी कथा ओळखीची.

यातला एक धागा आपल्याकडे येतो. इटलीत व्हिचेन्झाजवळ ट्रिसिनो इथे पीएफएएस बनवणारा कारखाना होता. त्याने लाखो लोकांचं पिण्याचं पाणी बाधित केलं, २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. तिथली यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणली. त्या वसाहतीचं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं आणि खाडीतले मासे आसपासच्या घरांत शिजतात. येन्सेन यांच्याकडे तुलनेसाठी जुनी पिसं होती. दाभोळच्या माशांचे आणि ते खाणाऱ्यांच्या रक्ताचे नमुने आत्ताच घेऊन गोठवून ठेवले, तर वीस वर्षांनी कुणाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. त्याला एक डीप फ्रीजर आणि थोडी चिकाटी पुरते.