धरणाची जागा पाणी पाहून ठरते का?

‘नदीला जिथे सर्वात जास्त पाणी आणि पात्र सर्वात रुंद, तिथे धरण बांधतात’ हा समज अनेकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. शोध असतो तो अरुंद खिंडीचा, आणि तिच्या वरच्या अंगाला पसरट दरी हवी. भिंत आखूड लागते, पाणी भरपूर मावते.

पण खरा निकाल जमिनीखाली लागतो. पात्रात आणि दोन्ही काठांवर खोल भोके पाडून खडकाचे दंडगोल तुकडे बाहेर काढतात, लांबट पेट्यांत खोलीप्रमाणे ओळीने मांडतात. एखाद्या भेगेत मातीचा चिकट थर दिसला की अभियंते सावध होतात, कारण पाणी लागल्यावर खडक नेमका तिथून घसरू शकतो. मग त्याच भोकात दाबाने पाणी सोडून किती मुरते ते मोजतात. बारीक भेगा सिमेंट भरून बुजवता येतात. खडक कमजोर असेल तर बहुधा मातीच्या धरणाचा विचार होतो. त्याचा भार रुंद पायावर पसरतो.

ही तपासणी वेळखाऊ वाटते, पण ती टाळण्यासारखी अजिबात नाही. फ्रान्समधले मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ रोजी फुटले ते डाव्या काठाचा खडक सरकल्यामुळे. ४०० हून अधिक माणसे गेली. इटलीत वायोंत येथे १९६३ मध्ये डोंगराचा कडाच जलाशयात कोसळला आणि भिंतीवरून उसळलेल्या लाटेने सुमारे २,००० जीव घेतले. तिथली भिंत आजही उभी आहे.